जॉर्जटाउनमध्ये जेवायचं तर घड्याळ बघून

जॉर्जटाउनला निघण्याआधी हॉटेलांची यादी करणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की नावापुढे वेळ लिहा. मलेशियाच्या पेनांग बेटावरच्या या शहरात ‘अमक्या ठिकाणी काय चांगलं मिळतं’ हा प्रश्न अर्धाच आहे. चुलिया स्ट्रीट दुपारी पर्यटकांना मोटारसायकली भाड्याने देणाऱ्यांचा रस्ता असतो आणि अंधार पडला की तिथेच नूडल्सच्या गाड्या लागतात. किंबर्ली स्ट्रीटचंही तसंच. सकाळच्या बाजाराला लागून असलेल्या गाड्या जेवणवेळेपर्यंत आवरलेल्या असतात. माल संपला की घरी जायचं, हा इथला रिवाज आहे आणि गिऱ्हाईक लांबून आलंय म्हणून तो कुणी मोडत नाही.

आम्ही तिघं गेलो होतो. नवरा समोर येईल ती मासळी खाणारा, मी कोंबडी-मटणापर्यंत जाणारी आणि सासूबाई शुद्ध शाकाहारी. शिवाय तारखा नवरात्रातल्या, म्हणजे आईंना कांदा-लसूणही वर्ज्य. अशा तिघांचं एकाच टेबलावर भागेल का, ही धास्ती होती. भागलं, पण कसं ते पुढे सांगते.

१७८६ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या फ्रान्सिस लाइटने इथे बंदर मांडलं आणि जो तो आपापली चूल घेऊन आला. दक्षिण चीनमधले होक्कियन, कँटोनीज आणि हैनानी; तमिळ मुसलमान आणि चेट्टियार सावकार; सुमात्रातले आचेनी, अरब, सयामी म्हणजे थाई, बर्मी, आर्मेनियन. मूळचे मलय होतेच. मशीद कपितान केलिंग रस्त्यावर चालत गेलं तर सेंट जॉर्ज चर्च, कुआन यिन या चिनी देवीचं देऊळ, जवळच श्री महामारियम्मन मंदिर आणि मग मशीद, हे सगळं काही मिनिटांच्या चालीत येतं. २००८ पासून हा जुना भाग युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

सकाळ कोपितियामची. म्हणजे जुन्या पद्धतीचं चिनी कॉफीघर. संगमरवरी टेबलं, वर पंखे, आणि आत-बाहेर वेगवेगळ्या माणसांचे खाण्याचे ठेले. मालक फक्त चहा-कॉफी विकतो, खाणं ठेलेवाल्यांचं. नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो. आधी टेबल धरायचं, त्याचा नंबर लक्षात ठेवायचा, मग हवं त्या ठेल्यावर जाऊन सांगायचं. प्लेट आणून देणाऱ्याच्या हातात त्याच वेळी पैसे ठेवायचे, प्रत्येक ठेल्याचे वेगळे. पेय मात्र मालकाकडूनच घ्यावं, कारण जागा त्याची आहे. काही ठिकाणी पेय न घेणाऱ्यांकडून थोडे जादा पैसे घेतात आणि तशी पाटीही लावलेली असते. ‘लयान दिरी’ अशी पाटी असेल तर आपण होऊन घ्यायचं, कुणी आणून देणार नाही.

साधी ‘कोपी’ मागितली तर गोड कंडेन्स्ड मिल्क घालून येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, ‘कोपी-ओ कोसोंग’ म्हणजे दूधही नाही आणि साखरही नाही. ‘कुरांग मानिस’ हे दोन शब्द पाठ करून जा, कमी गोड. मधुमेही माणूस बरोबर असेल तर हे सांगायला विसरूच नका, इथे गोडाचा हात फार सैल आहे.

मामाक, म्हणजे तमिळ मुसलमानांच्या हॉटेलांत सकाळी रोती चनाई मिळते. मैद्याच्या गोळ्याला हवेत फिरवून, पातळ करून, घडी घालून तव्यावर टाकतात. साधी एक रोती दोन रिंगिटच्या आसपास. रिंगिट म्हणजे आपले वीसहून थोडे अधिक रुपये. सोबत ‘तेह तारिक’, उंचावरून ओतून फेसाळलेला चहा. रोतीबरोबरच्या पातळ डाळीबद्दल शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. ‘डालचा’ असेल तर त्यात बहुधा मटणाची हाडं शिजलेली असतात.

दुपार नासी कांदारची. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भात आणि दुसऱ्याला रस्से लटकवून बंदरावरच्या हमालांना जेवू घालत. कावड गेली, जेवण राहिलं. कॅम्पबेल स्ट्रीटवरचं हमीदिया १९०७ सालचं आहे, आणि पेनांग रोडलगतच्या बोळातल्या लाइन क्लिअरपुढची रांग हीच त्याची पाटी. काउंटरवर जाऊन बोटाने दाखवायचं: कोंबडी, मासा, भेंडी, खारं अंडं. मग वाढणारा ताटात तीन-चार रस्से एकावर एक ओततो. ‘बांजिर’ म्हटलं की भात बुडेपर्यंत. खरी चव त्या मिसळलेल्या रश्श्यांचीच आहे, त्यामुळे प्रत्येक रस्सा वेगळ्या वाटीत मागू नका. पैसे वाढणारा ताटाकडे बघून सांगतो. मोठी कोळंबी, माशाचं डोकं किंवा गाभोळी घेणार असाल तर आधी भाव विचारा, तिथेच बिल फुगतं. ‘डागिंग’ म्हणजे बहुतेक वेळा गोमांस आणि ‘कांबिंग’ म्हणजे मटण. ज्यांना फरक पडतो त्यांनी लक्षात ठेवावं. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी यातली बरीच हॉटेलं थोडा वेळ बंद असतात.

या शहरातला एकच पदार्थ खायचा झाला तर मी असाम लक्सा खाईन, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या नूडल्स. ‘चार क्वे तिआव’ या परतलेल्या नूडल्सचं नाव त्याच्याहून मोठं आहे. भडक आचेवर एका वेळी एकच प्लेट परतलेल्या त्या तांदळाच्या रुंद नूडल्स, कोळंबी, शिंपल्या, अंडं, त्यात डुकराच्या चरबीचा वास. चांगलाच लागतो. नवऱ्याने तर सयाम रोडवर रांग लावून खाल्ला. प्लेट दहा रिंगिटच्या आगेमागे, कोळंबी जेवढी मोठी तेवढी महाग. पण लक्सात आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला ओळखीचं सगळं भेटतं आणि तरी ते अनोळखीच राहतं. रस्सा बांगड्याचा, मासा शिजवून मोडून टाकलेला. आंबटपणाला चिंच आणि ‘असाम केपिंग’, म्हणजे ज्या फळाच्या वाळवलेल्या फोडी घालतात त्याचं झाड आपल्या कोकमाच्याच कुळातलं. इथवर सगळं घरचं. मग वर पुदिना, अननस, काकडी, ‘बुंगा कांतान’ नावाच्या आल्याच्या जातीच्या फुलाच्या कळीचे काप, आणि चमचाभर काळी गोडसर हे-को, म्हणजे कोळंबीची दाट चटणी. नारळ अजिबात नाही. सिंगापूरचा नारळाच्या दुधातला लक्सा खाल्लेल्यांनी त्याची आठवण बाजूला ठेवूनच हा चाखावा. एअर इताम भागातला लक्सा जुन्या नावाचा आहे. तिकडे गेलात तर केक लोक सी हे बौद्ध मंदिर त्याच फेरीत होतं आणि तिथे शाकाहारी जेवणाचीही सोय आहे.

आता आईंचं जेवण. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत इथे नऊ सम्राट देवांचा उत्सव असतो आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्राच्याच तारखांना येतो. भाविक पांढरे कपडे घालतात आणि नऊ दिवस मांस-मासळी सोडतात. त्यांच्या कडक शाकाहारात कांदा-लसूणही बसत नाही. रस्तोरस्ती पिवळे झेंडे लागलेल्या गाड्या दिसतात आणि एरवी डुकराची चरबी वापरणारे ठेलेही त्या दिवसांत शाकाहारी नूडल्स परततात. नऊ दिवस, देवाचं काम, कांदा-लसूण नाही, एवढं कळल्यावर आईंना दुसरं काही समजावून सांगावं लागलं नाही. पिवळा झेंडा दिसला की त्या स्वतःच स्टूल ओढून बसायच्या. फक्त सोया आणि गव्हाच्या सत्त्वापासून हुबेहूब मांसासारखे केलेले तुकडे त्यांनी बाजूला काढले. ‘सोडलंय तर त्याची सोंगं कशाला?’ हा त्यांचा प्रश्न मलाही पटला.

उत्सव नसेल तेव्हा शाकाहाऱ्यांनी लिटल इंडिया गाठावं, तिथे केळीच्या पानावरचं जेवण आणि डोसे सहज मिळतात. चिनी शाकाहारी खानावळी वर्षभर असतात, आणि चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तिथे जास्त गर्दी असते. खरा धोका दिसायला शाकाहारी असलेल्या पदार्थांचा. रोजाक म्हणजे नुसती चिरलेली फळं वाटतात, पण वरचा काळा रस हे-कोचा असतो. परतलेल्या पालेभाजीत ‘बलाचान’, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी असते, आणि सांबाल या मिरचीच्या चटणीतही तीच. ‘भाजी आहे का’ असं विचारून उपयोग नाही, बलाचान आहे का असंच विचारा. चेंडोल मात्र सगळ्यांना चालतं: बर्फ, नारळाचं दूध, ताडगूळ, राजमा आणि पांडान नावाच्या सुवासिक झाडाच्या पानांनी रंगवलेल्या हिरव्या शेवया. पेनांग रोडजवळच्या केंग क्वी गल्लीतलं प्रसिद्ध आहे, तिथे उभ्यानेच खायचं. जायफळाच्या फळाचं सरबतही प्या. कंपनीच्या काळापासून या बेटावर जायफळाची लागवड आहे.

सगळ्या जाती-धर्मांचे लोक एका टेबलावर बसून जेवतात असं चित्र पर्यटनाच्या पत्रकांत असतं. मला तसं थोडंच दिसलं. डुकराचं मांस शिजतं त्या कोपितियाममध्ये मलय माणूस सहसा बसत नाही, त्याला हलाल लागतं. माणसांपेक्षा पदार्थच जास्त मिसळले आहेत. त्याचा पुरावा हवा तर एक जेवण न्योन्या पद्धतीचं घ्या, चिनी व्यापारी आणि स्थानिक बायका यांच्या संसारातून आलेलं. इथल्या न्योन्या स्वयंपाकात मलाक्का शहरातल्यापेक्षा आंबट जास्त, सयाम जवळ असल्यामुळे. आँटी गैक लिन या न्योन्या हॉटेलला मिशेलिन या हॉटेलांना मानांकन देणाऱ्या मार्गदर्शिकेचा तारा मिळाल्यापासून ऐन वेळी जागा मिळणं कठीण, आधीच बुकिंग करा.

संध्याकाळी पर्यटक गर्नी ड्राइव्हला नेले जातात. समुद्रालगत आहे, सगळं एका जागी मिळतं, म्हातारी माणसं आणि मुलं बरोबर असतील तर सोयीचं. पण चव मला न्यू लेनच्या गाड्यांवर उजवी वाटली. प्लेटा लहान असतात, तेव्हा एकेक मागवून वाटून खा. टिप द्यायची पद्धत नाही. सुटे रिंगिट जवळ ठेवा, क्यूआर सगळीकडे दिसतात पण परदेशी खात्यातून चालतीलच असं नाही.

क्वालालंपूरहून रेल्वेने बेटासमोरच्या किनाऱ्यावरच्या बटरवर्थला उतरून फेरीबोटीने बेटावर जाणं आम्हाला विमानापेक्षा आवडलं. फेरी स्वस्त आहे आणि स्टेशनापासून चालत गाठता येते. भारतीयांना सध्या ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत २०२६ अखेरपर्यंत जाहीर झालेली आहे, तिकिटं काढण्याआधी तपासून घ्या. प्रवेशाचा डिजिटल फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. चिनी नववर्षाच्या आठवड्यात निम्मे ठेले बंद असतात, तेव्हा खाण्यासाठी म्हणून जाऊ नका. रमजानमध्ये मामाक हॉटेलं दिवसा शांत, पण दुपारनंतर भरणारे बाजार बघण्यासारखे. ड्युरियन या उग्र वासाच्या फळाचा हंगाम साधारण मे ते जुलै. ते बेटावरच्याच बालिक पुलाऊच्या बाजूला बागेतच बसून खा, हॉटेलच्या खोलीत आणू देत नाहीत.