नऊ वाजता सुटणारा उपास

आमचं काम माग बसवून चालू करून द्यायचं. मार्च 2019 मध्ये इचलकरंजीहून थेट इथिओपियात गेलो, हवासाच्या एका कापड गिरणीत. आदिस अबाबाच्या दक्षिणेला, तळ्याकाठचं शहर. गिरणीच्या भिंतीवर 2011 सालचं कॅलेंडर होतं, आणि ते चालू वर्षाचंच! त्यांचं वर्ष सप्टेंबरात सुरू होतं आणि आपल्या सात-आठ वर्षं मागे असतं. महिने तेरा, शेवटचा पाच-सहा दिवसांचा. घड्याळ मात्र मला लगेच पटलं. दिवस उजाडल्यापासून तास मोजायचे, म्हणून सकाळचे सात म्हणजे एक वाजला. वार सूर्योदयाला बदलतो हे आजीकडून ऐकत वाढलेल्याला यात नवल कसलं?

त्या शुक्रवारी दुपारी वीज गेली. एअरजेट मागाला कॉम्प्रेसरची हवा लागते. हवा नाही तर बाणा, म्हणजे आडवा धागा, जागचा हलत नाही. संध्याकाळपर्यंत दोन माग ताब्यात द्यायचे होते. मी चरफडत होतो, बाकी कुणाला घाई दिसेना.

कापड तपासणाऱ्या एका बाईंचा ईस्टरआधीचा पंचावन्न दिवसांचा उपास चालू होता. मांस, दूध, अंडी बंद. आणि त्या कडक पाळणाऱ्या, म्हणून दुपारपर्यंत पाणीसुद्धा नाही. उपास सुटायचा त्यांच्या नऊला, म्हणजे आपल्या तीनला. तीन वाजता सगळे एका ताटाभोवती बसले. खाली इंजेरा, म्हणजे जाळीदार, आंबूस पोळी, वर शिरो. हा आपला शिरा नव्हे, बेरबेरे मसाला घातलेलं झणझणीत पिठलंच. बाईंनी इंजेऱ्याचा तुकडा तोडला, शिरो गुंडाळला आणि पहिला घास माझ्या तोंडासमोर धरला. पहाटेपासून उपाशी त्या, आणि आधी खायचं मी? म्हातारे इलेक्ट्रिशियन हळूच म्हणाले, "घ्या. गुर्शा नाकारत नाहीत." घास एवढा मोठा की तोंड मिटेना, तोवर दुसरा तयार.

मग कॉफी. कापसाजवळ निखारे नकोत म्हणून कॅन्टीनमागच्या झाडाखाली बैठक. जमिनीवर हिरवं गवत पसरलं. हिरव्या बिया शेगडीवर काळपट होईपर्यंत भाजल्या आणि ती धुरकट कढई प्रत्येकासमोर फिरवली. हाताने धूर ओढून वास घ्यायचा. बिया कुटून लांब मानेच्या मातीच्या जबेनात उकळल्या, बिनकानाच्या कपांत धार धरली. कप तीन: अबोल, तोना, बरका. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी, त्यामुळे प्रत्येक कप आधीपेक्षा फिका. पण आशीर्वाद तिसऱ्यात, त्याआधी उठायचं नाही.

इलेक्ट्रिशियन गप्पांत रंगले. सम्राट हैले सेलासींच्या काळात तिथल्या शाळांत भारतीय शिक्षक पुष्कळ होते. यांना गणित त्यांनीच शिकवलेलं. "फार मारायचे," ते हसून म्हणाले, "पण पाढे अजून पाठ आहेत."

दुसऱ्या कपाला वीज आली. कॉम्प्रेसरची घरघर ऐकून मी ताडकन उठलो. त्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. गिरणीचे मॅनेजरही तिथेच कप घेऊन बसलेले. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. निखारे विझत आले होते, त्यामुळे तिसरा कप उकळायला चांगलाच वेळ लागला.

माग चालू झाले तेव्हा अंधार पडला होता. अहवालात उशिराच्या कारणाचा रकाना होता. मी 'वीजपुरवठा खंडित' असं लिहिलं, मॅनेजरांनी वाचलं आणि गंभीर चेहऱ्याने खाली सही ठोकली.