हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल : कमी खर्चात नीट निवड

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा रायफलींचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या आधी ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी कोणी ना कोणी मला विचारते, की पहिली रायफल कोणती घ्यावी आणि तिच्यासाठी किती पैसे बाजूला ठेवावेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा असे मला वाटते. पण त्यामुळे इथे परवाना घेऊन शिकारीला उतरणाऱ्या आपल्या माणसाला घरातल्या वडीलधाऱ्यांकडून या बाबतीत काही शिकायला मिळालेले नसते, आणि दुकानातला विक्रेता सांगेल ते खरे मानावे लागते. माझे मत स्पष्ट आहे. पहिली रायफल साधी आणि स्वस्त घ्यावी, आणि वाचलेला पैसा काडतुसांवर व सरावावर खर्च करावा. हरणाला यातना न होता झटकन मरण यावे ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे आणि ती पार पडणे बंदुकीच्या किमतीपेक्षा चालवणाऱ्याच्या नेमावर अवलंबून असते.

पैशांचा हिशेब मांडण्यापूर्वी कायदा पाहावा. ग्रीन कार्ड असलेल्यांना इमिग्रेशनच्या कारणावरून बंदूक घेण्यास मनाई नाही. मात्र एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, काडतुसेही बाळगता येत नाहीत. याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. त्यामुळे अशा वाचकांनी आधी शिकारी-प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करून परवाना काढावा, वकिलाशी बोलून घ्यावे आणि मगच दुकानाची पायरी चढावी. दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो व पार्श्वभूमीची तपासणी होते. तो अर्ज खऱ्या खरेदीदारानेच भरायचा असतो आणि मित्राच्या नावावर बंदूक घेणे हा गंभीर गुन्हा आहे.

दुसरा मुद्दा जागेचा. फिलाडेल्फियाच्या उपनगरांत आपली वस्ती मोठी आहे. पण तिथल्या काउंट्यांत आणि पिट्सबर्गच्या अलेगेनी काउंटीत हरणासाठी सेंटरफायर रायफल, म्हणजे शिकारीची नेहमीची रायफल, चालत नाही, तिथे शॉटगन, धनुष्यबाण किंवा पुढून ठासायची बंदूक वापरावी लागते. शेजारच्या ओहायोत २०१४ पासून रायफलीला परवानगी आहे, पण फक्त सरळ भिंतीच्या, म्हणजे तोंडाशी निमुळत्या न होणाऱ्या पुंगळीच्या काडतुसांची; उदाहरणार्थ .३५० लेजंड किंवा .४५-७० हे काडतूस चालते आणि .३०८ चालत नाही. आपण शिकार नेमकी कुठे करणार हे ठरवल्याशिवाय रायफल घेतली, तर ती वर्षभर कपाटात पडून राहील.

आता काडतुसाकडे येतो, कारण नवख्यांची सर्वांत मोठी गल्लत इथेच होते. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ सालचे काडतूस उत्तम आहे, त्याने एल्कसारखे थोराड हरीणसुद्धा पडते आणि म्हणूनच दुकानात त्याची शिफारस भरभरून होते. परंतु खांद्याला बसणारा त्याचा धक्का .२४३ विंचेस्टर या हलक्या काडतुसाच्या साधारण दुप्पट असतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी बंदूक उचललेली नाही, त्याला असा धक्का चार-पाच वेळा बसला की चाप ओढण्याच्या क्षणी त्याचे डोळे आपोआप मिटू लागतात, खांदा आक्रसतो आणि गोळी छातीऐवजी पोटात जाते. पोटात गोळी लागलेले हरीण तासन्तास तडफडते आणि पुष्कळदा सापडतही नाही. पांढऱ्या शेपटीचे हरीण काही अजस्र जनावर नव्हे. छातीत नीट बसलेली १०० ग्रेन (ग्रेन हे गोळीचे वजन मोजायचे छोटे एकक) वजनाची .२४३ ची गोळी त्याला पुरते. माझी स्वतःची पसंती ७ एमएम-०८ रेमिंग्टनला आहे. हे १९८० साली बाजारात आलेले, .३०८ च्याच पुंगळीवर बेतलेले काडतूस १४० ग्रेनची गोळी मऊ धक्क्यानिशी फेकते आणि अंगाने लहान असलेल्या स्त्री-पुरुषांना ते विशेष मानवते. ६.५ क्रीडमूरही त्याच तोडीचे आहे आणि त्याच्या पेट्या सगळीकडे मिळतात. .३०८ चा धक्का या दोहोंपेक्षा थोडा जास्त, पण त्याची काडतुसे खेड्यातल्या दुकानातही सापडतात आणि सरावाची स्वस्त पेटी त्याच्यात सहज मिळते, हा फायदा छोटा नाही.

बंदुकीचे म्हणाल तर नवख्याला बोल्ट अॅक्शनच, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हा दांडा हाताने मागे-पुढे ओढायची रायफलच बरी, कारण तिची रचना साधी असते, ती साफ करायला सोपी असते आणि बोल्ट मागे ओढलेला आहे की नाही हे शेजारच्यालाही दिसते. सॅव्हेज अॅक्सिस, रूगर अमेरिकन आणि मॉसबर्ग पेट्रियट या तिन्ही रायफली साधारण चारशे ते सहाशे डॉलरच्या आसपास मिळतात, आणि त्यांची अचूकता नवशिक्याच्या हातापेक्षा कितीतरी पुढे असते. प्लॅस्टिकचा दस्ता दिसायला ओबडधोबड असतो, बोल्ट थोडा खरखरीत सरकतो. हरणाला त्याने काहीच फरक पडत नाही. अॅक्सिस घ्यायची तर अॅक्युट्रिगर नावाचा चाप असलेली घ्यावी, कारण चाप हलका आणि स्वच्छ सुटला की नेम हलत नाही. फिनलंडची टिका टी३एक्स हातात घेतल्यावर मोह होतो आणि ती खरोखरच सुंदर आहे, पण तिच्यासाठी जादा मोजलेल्या पैशांत सरावाच्या कितीतरी पेट्या येतात. जुनी रायफल घ्यायलाही हरकत नाही. मात्र रेमिंग्टन ७०० असेल तर तिचा क्रमांक तपासून घ्यावा, कारण मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या आणि एक्स-मार्क प्रो चाप बसवलेल्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये दुरुस्तीसाठी परत मागवल्या होत्या.

दस्त्याची लांबी हा मुद्दा दुकानात कोणी काढत नाही, म्हणून तो आपणच काढावा. नेहमीच्या रायफलीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत साधारण १३.५ इंच अंतर असते, तर छोट्या अंगाच्या रायफलीत सुमारे १२.५. हिवाळ्याचे जाड जाकीट घालूनच दुकानात जावे, रायफल खांद्याला लावावी आणि मान न ताणता डोळा स्कोपमागे येतो की नाही हे पाहावे. ज्यांची उंची बेताची आहे त्यांनी छोटा दस्ता मागायला मुळीच संकोचू नये. आखूड दस्त्याची रायफल उंच माणूस कशीबशी चालवून नेतो, पण लांब दस्त्याची रायफल बुटक्या माणसाला कधीच नीट बसत नाही.

स्कोपवर, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीवर, कंजुषी करू नये. रायफलीसोबत जोडून येणारा स्कोप बहुधा पहाटेच्या आणि तिन्हीसांजेच्या अंधूक उजेडात, म्हणजे हरणे नेमकी बाहेर पडतात तेव्हा, धूसर दिसतो. दीडशे ते अडीचशे डॉलरचा ३-९x४० स्कोप, म्हणजे तीन ते नऊ पट मोठे दाखवणारा आणि पुढे ४० मिलिमीटरचे भिंग असलेला, पुरेसा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या रानात हरीण बहुतेक वेळा शंभर यार्डांच्या आतच समोर येते, तेव्हा त्याहून जास्त पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाला तिथे काम नसते.

रायफल जुळवताना, म्हणजे स्कोपमधली खूण जिथे दिसते तिथेच गोळी पडेल असे करताना, आधी २५ यार्डांवर कागदावर गोळी आणावी आणि मग १०० यार्डांवर जावे. बहुतेक स्कोपच्या चकतीची एक टिकटिक १०० यार्डांवर गोळी पडण्याची जागा पाव इंच सरकवते, त्यामुळे २५ यार्डांवर तेवढ्याच सरकण्यासाठी चौपट टिकटिका लागतात. कानांवर संरक्षक हवेतच. मेजावरच्या टेकूवर तीन गोळ्या एका जागी पडल्या की सराव संपला असे मात्र मानू नये, कारण रानात मेज नसते. हरणाच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंचांचा असतो, म्हणून आठ इंची कागदी ताटली लावून गुडघ्यावर, बसून आणि काठीच्या आधाराने गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी ताटलीच्या आत पडते ते आपले अंतर, आणि हंगामात त्यापलीकडच्या हरणावर बंदूक उचलू नये. सरावात वापरलेले काडतूस व शिकारीचे काडतूस वेगळे असेल, तर शिकारीच्या पेटीतल्या काही गोळ्या झाडून नेम पुन्हा तपासावा, कारण गोळीचे वजन बदलले की ती पडण्याची जागाही बदलते.