दोन स्पीकर आणि चौपट तीव्रता

एकाच ॲम्प्लिफायरवरून दोन स्पीकरांना एकच सूर दिला तर आवाज सगळीकडे दुप्पट होईल, असे सहज वाटते. प्रत्यक्षात त्याची तीव्रता कुठे चौपट होते, तर कुठे सूर जवळजवळ ऐकूच येत नाही.

हे पडताळण्यासाठी मोकळे मैदान उत्तम, कारण खोलीत भिंतींवरून परतणारे तरंग सगळा घोळ घालतात. दोन स्पीकर एकमेकांपासून 2 मीटरवर, तोंडे एकाच दिशेला करून ठेवावेत आणि दोन्हींतून 340 हर्ट्झचा अखंड सूर वाजवावा. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर असल्याने या सुराची तरंगलांबी साधारण 1 मीटर भरते. स्पीकरांसमोर 4 मीटरवर, बरोबर मध्यरेषेवर उभे राहिले की दोन्ही तरंगांची संपीडने (हवा दाटलेले भाग) एकाच क्षणी कानाशी येतात, विरलनेही (हवा विरळ झालेले भाग) एकाच क्षणी येतात, आणि दाबातील चढउतार दुप्पट होतो. तीव्रता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे ती चौपट, म्हणजे 6 डेसिबलने अधिक होते. हेच विधायक व्यतिकरण. (कानाला मात्र आवाज चौपट मोठा वाटत नाही.) तेथून बाजूला सुमारे 1 मीटर सरकले की दोन वाटांमधील फरक अर्ध्या तरंगलांबीइतका होऊन सूर दबतो, आणि मध्यापासून सुमारे 2.4 मीटरवर, फरक पूर्ण तरंगलांबीइतका झाला की, तो पुन्हा भरून येतो. एका स्पीकरच्या तारा उलट जोडल्या, तर मध्यरेषेवरचाच सूर दबतो.

मग चौपट तीव्रतेची ऊर्जा येते कोठून? स्पीकर तरंगलांबीच्या मानाने दूर असतील तर उत्तर सरळ आहे: दबलेल्या जागांची ऊर्जा भरलेल्या जागांकडे जाते आणि एकूण बेरीज दुपटीच्या आसपासच राहते. ते अगदी जवळ असतील तर मात्र दबलेली जागा उरतच नाही. प्रत्येक स्पीकरचा कंप पावणारा पडदा दुसऱ्याने वाढवलेल्या दाबाविरुद्ध हवा ढकलतो आणि दोघेही खरोखरच अधिक ध्वनिऊर्जा बाहेर टाकतात. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो, आणि पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो.

50 हर्ट्झच्या बासची, म्हणजे खालच्या सुराची, तरंगलांबी जवळपास 7 मीटर असते. म्हणून मंचाच्या दोन टोकांना ठेवलेले सबवूफर (खास बाससाठीचे स्पीकर) मध्यभागी बासचा दणदणीत पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळ पट्टे तयार करतात, तर तेच सबवूफर मधोमध एकावर एक रचले की बास सर्वांना बराच सारखा मिळतो.