रिकाम्या रकान्यापायी रखडलेली वेबसाइट

आमची संस्था पादचाऱ्यांच्या हक्कांसाठी पाठपुरावा करते. वेबसाइट आणि लोगो दोन्ही बदलायचं काम मी अंगावर घेतलं. भांडणं रंगांवरून होतील असं वाटलं होतं, पण ते तीन बैठकांत मिटलं. गाडी अडली डोमेनपाशी, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यापाशी, आणि त्याचा संताप अजून गेलेला नाही.

डोमेन कधीकाळी एका कार्यकर्त्याने स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. पुढे तो संस्थेतून गेला, ईमेलही बंद पडला, पासवर्ड कुणाकडेच नाही. डोमेन कंपनीला लिहिलं. त्यांनी नोंदणी प्रमाणपत्र मागितलं, दिलं. लेटरहेडवर पत्र मागितलं, दिलं. मग अध्यक्षांचं ओळखपत्र. दर वेळी उत्तर द्यायला नवा माणूस आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. शेवटी कळलं की नोंदणीत ‘ऑर्गनायझेशन’ हा रकाना कोरा आहे, म्हणून मालक ती व्यक्ती, संस्था नाही. इतकी वर्षं नूतनीकरणाचे पैसे संस्थेच्या खात्यातून गेले, त्याच्या पावत्यांना काडीची किंमत नाही!

तो कार्यकर्ता सापडला तेव्हा भला निघाला. स्वतःची ओळख पटवून त्याने खातं उघडलं आणि त्याच दिवशी मालक म्हणून संस्थेचं नाव घातलं. आम्ही आनंदात डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायला गेलो, तर मालकाचं नाव बदलल्यामुळे ६० दिवसांचं कुलूप! आमचं डोमेन डॉट ओआरजी, त्याला हा नियम लागू. नाव बदलण्याआधी या कुलपातून सूट मागायची सोय काही कंपन्या देतात, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. म्हणून आधी डोमेन हलवा, मग नाव बदला.

त्याहून वाईट म्हणजे आम्ही महिनाभर नुसते थांबलो. कुलूप फक्त कंपनी बदलण्यावर असतं. डोमेनच्या नोंदी ज्यांच्याकडे असतात ते नेमसर्व्हर त्या काळातही बदलता येतात, म्हणजे नवी साइट कधीच सुरू करता आली असती.

नेमसर्व्हर बदलण्याआधी जुन्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या, विशेषतः एमएक्स, म्हणजे मेल कुठे पोचवायचा ते सांगणारी नोंद. आमची ती राहिली आणि दिवसभर संस्थेला एकही मेल आला नाही.

लोगोची मूळ फाइलही नव्हती, होता तो लेटरहेडवरचा पुसट जेपीजी. तो नव्याने एसव्हीजीत, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी चित्र साठवणाऱ्या फाइलीत, काढून घेतला. आता फलकावर कितीही मोठा करा, कडा फाटत नाहीत. पांढऱ्यावरची पिवळी अक्षरं मी हट्टाने काढायला लावली. साध्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, ती त्याच्या जवळपासही नव्हती. ज्यांच्यासाठी आपण भांडतो त्यांत कमी दिसणारी माणसंही आहेत, त्यांना आपलंच पान वाचता येऊ नये हे मला सहन होत नव्हतं.

आणि हो, जुन्या अहवालांचे पत्ते ३०१ रीडायरेक्टने, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणाऱ्या सूचनेने, नव्या पानांवर वळवा. आमच्या निवेदनांत तेच पत्ते छापलेले आहेत, आणि ती निवेदनं अजून फायलींत फिरताहेत.