तुम्ही विचारलंत म्हणून: मन सगळ्यांचं सारखंच, मग ब्लॅक लोकांसाठी वेगळं कशाला?

गणपतीत, मंडळाच्या पिकनिकला, परवा तर एका मुंजीत. मी अमेरिकेत, वेस्ट फिलाडेल्फियात सोशल वर्कर आहे हे कळलं की थोड्या वेळाने प्रश्न येतोच, "अगं पण मन सगळ्यांचं सारखंच असतं ना? मग ब्लॅक लोकांचे वेगळे ग्रुप, वेगळे थेरपिस्ट, चर्चमध्ये आणि न्हाव्याच्या दुकानात मेंटल हेल्थ, हे कशाला?" विचारणारे बहुतेक मनापासून विचारतात, पण हातात ताट धरून याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

नोकरीचं पहिलं वर्ष होतं. सत्तरीच्या एक ब्लॅक बाई बीपीसाठी क्लिनिकला यायच्या आणि माझं काम होतं सगळ्यांकडून नऊ प्रश्नांचा डिप्रेशनचा फॉर्म भरून घेणं. मी पहिल्याच मिनिटाला त्यांना नुसत्या नावाने हाक मारली. तिथे वडीलधाऱ्या बाईला असं कोणी हाक मारत नाही, नावाआधी 'मिस' लावतात, आपण मावशी-काकू लावतो तसं, आणि हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. कशा आहात विचारलं तर म्हणाल्या, "ब्लेस्ड, बेबी." देवाची कृपा आहे. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? नाही. झोप? ठीक आहे. सगळ्या प्रश्नांना शून्य, मी टोटल मारली आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. चार महिन्यांनी मला कळलं की त्यांचा धाकटा मुलगा आदल्या वर्षी गोळीबारात गेला होता आणि तेव्हापासून त्या रात्री पलंगावर झोपतच नव्हत्या, दाराकडे तोंड करून खुर्चीत बसायच्या. त्यांच्या चर्चमधल्या म्हाताऱ्या बायकांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मग मला का नाही सांगितलं? मी खूप दिवस समजत होते की त्यांना 'अवेअरनेस' नाही. आज हे आठवलं तरी लाज वाटते, कारण अवेअरनेस मलाच नव्हता, डॉक्टरांवर विश्वास का बसत नाही त्या इतिहासाचा.

१८५१ मध्ये सॅम्युएल कार्टराइट नावाच्या दक्षिणेतल्या एका डॉक्टरने गुलाम पळून जातात हा एक मानसिक आजार आहे असं छापलं, त्याला ड्रेपटोमेनिया असं नाव दिलं आणि उपाय म्हणून चाबूक सांगितला. अलाबामातल्या टस्कीगीमध्ये १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या शेकडो ब्लॅक पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा. १९६८ मध्ये मानसोपचाराच्या एका जर्नलमध्ये लेख आला की सिव्हिल राइट्सच्या चळवळीमुळे ब्लॅक माणसांना 'प्रोटेस्ट सायकोसिस', म्हणजे आंदोलनाचं वेड, होतो. तुम्ही म्हणाल हे जुनं झालं, तर २६ ऑक्टोबर २०२० ला माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही अशा कॉब्स क्रीकमध्ये वॉल्टर वॉलेस ज्युनियर या २७ वर्षांच्या मुलाला मानसिक त्रास सुरू झाला, घरच्यांनी अँब्युलन्स मागवली आणि आले पोलीस, त्याच्या हातात सुरी होती, आणि आईच्या डोळ्यांदेखत त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर कितीतरी आया मला म्हणाल्या की पोराचं काही बिनसलं तर आम्ही फोन करणार नाही. त्यांना मी काय सांगणार होते, अवेअरनेस वाढवा?

म्हणजे मन सारखंच आहे हो. पण दार उघडताना कोण उभं असेल याची भीती सारखी नाहीये. शिवाय या देशात शंभर सायकॉलॉजिस्टमध्ये ब्लॅक जेमतेम चार-पाच.

आणि हे वेगळं काहीतरी हवं हे आजचं फॅड नाही. १९४६ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये, ब्लॅक वस्तीत, सेंट फिलिप्स चर्चच्या तळघरात लाफार्ग नावाचं मानसोपचाराचं क्लिनिक सुरू झालं. लेखक रिचर्ड राइट आणि फ्रेड्रिक वर्थम नावाचे मानसोपचारतज्ज्ञ यामागे होते. फी पंचवीस सेंट, नसतील तरी चालेल, डॉक्टर सगळे बिनपगारी, आणि दार गोऱ्यांनाही उघडं. मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की हे लोक फक्त 'तुझ्या डोक्यात काय चाललंय' एवढ्यावर थांबले नाहीत, गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळांमुळे मुलांच्या मनावर काय होतं ते त्यांनी तपासलं आणि डेलावेअरच्या शाळांच्या खटल्यात कोर्टात जाऊन सांगितलं, तोच खटला पुढे १९५४ च्या ब्राऊन निकालात, म्हणजे अशा वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणाऱ्या निकालात, सामील झाला. आजार बाहेरून येत असेल तर बाहेरही काहीतरी करायला पाहिजे ना. १९५८ ला क्लिनिक बंद पडलं. दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, ब्लॅक सायकॉलॉजिस्टनी स्वतःची असोसिएशन काढली.

न्हाव्याच्या दुकानाचं म्हणाल तर शनिवारी सकाळी एकदा जाऊन बघा. बाप-मुलगा-नातू एकाच खुर्चीवर वाढलेले असतात, तोच हात वीस-वीस वर्षं डोक्यावरून फिरलेला असतो आणि कातरी चालू असताना माणूस समोर आरशात बघून बोलतो, डोळ्यात बघावं लागत नाही. आर्कान्सामधल्या लोरेन्झो लुइस यांनी २०१६ मध्ये कन्फेस प्रोजेक्ट सुरू केला, न्हाव्यांना नीट ऐकायला शिकवतात, 'मर्द बन' न म्हणता त्याचा त्रास खरा आहे हे मान्य करायला शिकवतात, आणि कधी पुढे पाठवायचं तेही शिकवतात. न्हावी थेरपिस्ट होत नाही. पण जो माणूस माझ्या दारात कधीच आला नसता तो येतो, कारण "ती बरी आहे, जा" असं त्याच्या न्हाव्याने सांगितलेलं असतं.

"हे अमेरिकेचं झालं, आपल्याकडे नाही चालणार" असंही कोणीतरी म्हणतंच. तर विक्रम पटेल हे आपले मानसोपचारतज्ज्ञ ९० च्या दशकात झिंबाब्वेत हरारेला काम करत होते, तिथे शोना भाषेत लोक त्रास सांगताना म्हणतात 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं. आपली आजी म्हणते ना, विचार करकरून डोक्याचा भुगा झाला, तेच. लोकांच्याच बोलीतून तपासणीचे प्रश्न तयार झाले. मग पटेल गोव्यात आले, १९९६ मध्ये संगाथ ही संस्था उभी राहिली, तिथे साध्या शिकलेल्या माणसांना ट्रेनिंग देऊन समुपदेशन सुरू झालं. आणि हरारेत २००६ मध्ये डॉक्टर डिक्सन चिबांडांनी १४ आज्यांना घेऊन बाक मांडले, आजीशेजारी बसायचं आणि मनातलं बोलायचं. आधी नाव होतं मेंटल हेल्थ बेंच, कोणी फिरकेना, आज्यांनीच सांगितलं नाव बदल, मग झाला फ्रेंडशिप बेंच.

आणि नाही, मी गोळ्यांच्या विरुद्ध नाही. ज्याला औषध लागतं त्याला ते लागतंच, नुसत्या प्रार्थनेने होईल म्हणणाऱ्या पाद्रींशीही मी भांडलेय. पण गोळीपर्यंत पोचायला आधी विश्वासाचा माणूस लागतो.

त्या बाईंचं सांगायचं राहिलं. दोन वर्षांनी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये आम्ही दर गुरुवारी एक सर्कल, म्हणजे गोलात बसून बोलायचा ग्रुप, सुरू केलं, चालवतात चर्चच्या म्हाताऱ्या बायका, मी खुर्च्या मांडते आणि गरज पडली तर डॉक्टरची अपॉइंटमेंट काढते. सुरुवातीला एका कुंडीत पाणी ओततात आणि गेलेल्यांची नावं घेतात, प्रत्येक नावाला सगळे मिळून 'आशे' म्हणतात, आफ्रिकेतल्या योरूबा भाषेतलं, आपल्या 'तथास्तु'सारखं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बाबांचं तर्पण आठवलं आणि मी बाहेर जाऊन रडून आले. त्या पहिले पाच गुरुवार काहीच बोलल्या नाहीत. सहाव्या गुरुवारी त्यांनी मुलाचं नाव घेतलं, हॉलभर 'आशे' झालं, आणि संपल्यावर माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "हं, आता विचार तुझे ते नऊ प्रश्न."

फॉर्म माझ्याकडे नव्हता, पण पाठ होता. टोटल सत्तावीसपैकी एकोणीस आली.

आता त्यांची गोळी चालू आहे, छोटा डोस. गुरुवारी येतात, रताळ्याची पाई करून आणतात. झोपतात पलंगावर.