सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सात वाजता मी आणि आमचे नेहमीचे मिस्त्री सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये उभे होतो. समोर ताडपत्रीखाली २००३ साली नोंदणी झालेली, विकायला काढलेली लाल सॅन स्टॉर्म मोटार होती. मालक काकांनी दहा वाजताची वेळ दिली होती. ती आग्रहाने अलीकडे आणण्याचे कारण एवढेच, की जुन्या गाडीचे इंजिन आधीच गरम करून ठेवले तर त्याचे निम्मे दुखणे लपते, आणि आल्या आल्या बॉनेटवर तळहात ठेवून ते थंड असल्याची खात्री करता आली नाही तर पुढच्या तपासणीला फारसा अर्थ उरत नाही.

ज्यांनी ही गाडी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन आसनांची, छत उघडता येणारी, फायबरच्या बॉडीची ही गाडी आपल्याच देशात अगदी थोड्या संख्येने तयार झाली. तिच्यात रेनॉचे ११४९ सीसीचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आहे. आकडे पाहून कोणाचे डोळे विस्फारणार नाहीत. पण जमिनीला टेकल्यासारखे बसून, डोक्यावर आभाळ घेऊन तासगाव रस्त्याने जाण्याची हौस आमच्यासारख्या नोकरदाराला परवडेल अशा पैशांत भागवणाऱ्या गाड्या आपल्याकडे फारशा झाल्याच नाहीत.

मी सवयीने थेट बॉनेटकडे वळलो, तेव्हा मिस्त्रींनी मला थांबवले. "सर, इंजिन काय, कुठंबी बांधून मिळंल. आधी काच बघा." त्या दिवशी मी जे शिकलो त्याचा गाभा या वाक्यात होता. सांगलीत लेथवाले आहेत, कुपवाडच्या एमआयडीसीत हवा तो बुश करून मिळतो, आणि हेडचे मोठे काम निघाले तर कोल्हापूरचे उद्यमनगर पन्नास किलोमीटरच्या आत आहे. परंतु या गाडीची पुढची काच, दिव्यांच्या काचा, दारांची रबरे आणि छताची कमान कोणत्याही दुकानात मिळणार नाही, आणि नेमक्या या वस्तूंकडे गिऱ्हाईक सर्वांत शेवटी पाहते. मी वायपर उचलून काचेची खालची कड बोटाने चाचपली. डाव्या कोपऱ्यात, रबराच्या आत शिरलेली, सुमारे तीन इंचांची केसासारखी चीर होती. उन्हाळ्यातल्या एखाद्या दुपारी किंवा एखाद्या मोठ्या खड्ड्यात ती पुढे सरकणार हे उघड होते. मी ती वहीत पहिल्या क्रमांकावर लिहिली.

बॉडी तपासण्यासाठी मी घरून फ्रिजवरचे लोहचुंबक खिशात घालून नेले होते. पत्र्याच्या गाडीत जिथे पुट्टी जाड भरलेली असते तिथे चुंबक धरत नाही, ही युक्ती मी वर्षानुवर्षे वापरत आलो आहे. फायबरच्या गाडीला चुंबक कुठेच चिकटणार नाही हे मात्र तिथे पोहोचेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. मिस्त्री हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. फायबरला बोटाच्या पेराने टकटक करून ऐकावे लागते. मूळ भाग सर्वत्र एकसारखा वाजतो, आणि पुट्टी किंवा नवा थर चढलेल्या जागी तो आवाज बद्द होतो. रंगाखालच्या थरावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा दिसल्या तर तिथे कधीतरी ठोकर बसलेली असते. दारांच्या बिजागऱ्यांपाशी अशा चिरा होत्या, पण तिथे दाराचे ओझेच पडत असल्याने मी त्या फारशा मनावर घेतल्या नाहीत. पुढच्या उजव्या चाकावरच्या कमानीत आतून हात घातला तेव्हा मात्र खरखरीत, वेगळ्या रंगाचा थर लागला. बाहेरून रंग कितीही चकचकीत केला तरी आतली बाजू घासायला कोणी बसत नाही.

फायबर गंजत नाही, आणि नेमकी हीच गोष्ट अशा गाडीत फसवी ठरते, कारण वरची कातडी तजेलदार राहते आणि खालची पोलादी चौकट गुपचूप सडत जाते. गाडी जॅकवर घेऊन, खाली आधाराचे घोडे लावून मिस्त्री पाठीवर सरकत आत गेले आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक नळी वाजवत निघाले. खालून सगळीकडे ताजा काळा रंग फासलेला होता. विकण्याच्या आधी कोणी गाडीच्या पोटाला रंग देतो तेव्हा तो हौसेने देत नाही, असे माझे मत आहे. दोन ठिकाणी ठोकताच रंगाची खपली पडली, परंतु आतले लोखंड शाबूत होते.

इंजिनाने त्या मानाने कमी त्रास दिला. थंड असताना पहिल्याच फेरीत ते सुरू झाले, निळा धूर आला नाही, आणि ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ताकासारखा पांढरा थर नव्हता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळत नव्हते. नंतर इंजिन गरम झाल्यावर स्पार्क प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजला, तेव्हा तीन सिलिंडर १६० पीएसआयच्या आसपास आणि चौथा १३० निघाला. मिस्त्रींनी त्यात चमचाभर ऑइल ओतून पुन्हा मोजले आणि काटा १५० वर गेला. ऑइलने फट भरून काटा वर येतो तेव्हा दोष रिंगांचा असतो. तो हलला नसता तर व्हॉल्व्हकडे पाहावे लागले असते. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचे उत्तर काकांकडे नव्हते, त्यामुळे तो लगेच बदलायचा असे धरून चाललो. टायरांची नक्षी नव्यासारखी होती, पण कडेच्या चार आकड्यांत २३१२ असे होते, म्हणजे २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. इंधनाच्या रबरी नळ्या बोटांनी दाबताच त्यांना बारीक भेगा पडल्या. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. आमच्या जिल्ह्यात चहूकडे ऊस आणि साखर कारखाने, तेव्हा तक्रार तरी कोणत्या तोंडाने करावी!

आता पट्ट्याकडे येतो. सांगलीत जुनी गाडी घेणाऱ्याने एक प्रश्न स्वतःशी विचारलाच पाहिजे, तो म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये ही गाडी कुठे उभी होती. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, आणि त्या वर्षी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैमध्ये ते पुन्हा शहरात शिरले. विश्रामबाग नदीपासून लांब, म्हणून तो पत्ता पाहून मी निश्चिंत होतो. तरीही मिस्त्रींनी चालकाच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू ओढायला सुरुवात केली आणि रीळ संपून तो अडेपर्यंत ओढला. रोजच्या वापरात शेवटची हातभर पट्टी कधीच बाहेर येत नाही, त्यामुळे गाडी धुणाऱ्याचा हात तिथे पोहोचत नाही. त्या हातभर पट्टीच्या विणीत राखाडी-काळा, पिठासारखा बारीक गाळ बसलेला होता, आणि त्याची वरची कड एखाद्याने पट्टी ठेवून आखावी तशी सरळ होती. मी नखाने खरवडून बोटांत चोळला. ही नदीची माती ज्यांनी पुरानंतर आठवडाभर घरातून उपसली आहे त्यांना तिची ओळख पटवून द्यावी लागत नाही. मग आम्ही सीटखालचे वायरचे सॉकेट सोडवून पाहिले, तर आतल्या पिनांवर हिरवा गंज चढलेला होता. आजच्या घडीला सगळे दिवे लागत होते, परंतु अशा पिना आज चालतात आणि उद्या भर पावसात दगा देतात.

मी काकांना शांतपणे विचारले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तेव्हा गाडी गावभागातल्या आमच्या जुन्या वाड्यात होती. आम्ही पुण्याला मुलाकडे होतो. पाणी चाकापर्यंत आलं होतं, एवढंच धाकट्या भावानं सांगितलं." त्यांच्यावर अविश्वास दाखवावा असे मला वाटले नाही, पट्टा इतका ओढून त्यांनी तरी कशाला पाहिला असता?

कागदांचे काम त्यानंतर उरकले. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, ठसा आरसी बुकाशी जुळला, इंजिन नंबरही जुळला. नोंदणीची १५ वर्षे २०१८ मध्ये संपून पुढे पाच वर्षांचे नूतनीकरण झाले होते, मात्र २०२३ नंतरचे राहिले होते. वीस वर्षांपुढच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क २०२५ पासून दहा हजार रुपये आहे. त्यात पर्यावरण कर, फिटनेस आणि नव्या सुरक्षा नंबर प्लेटचा खर्च मिळवला तर सौद्यात तो मोजलाच पाहिजे. नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर काढणे योग्य नसल्यामुळे चाचणी आवारातच पुढे-मागे करून संपवली. क्लच आणि गिअर ठीक वाटले.

पोर्चच्या पायरीवर बसून मी वहीत बेरीज मांडली. रिंगा, बेल्ट, टायर, नळ्या, कागद आणि सर्वांत जड रक्कम म्हणजे संपूर्ण वायरिंग नव्याने. ही बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करून मी आकडा सांगितला. काचेपुढे मात्र मला रक्कम लिहिता आली नव्हती, तेवढी जागा कोरी होती, आणि तेही मी त्यांना सांगितले.

काका काही न बोलता आत गेले. मला वाटले, रागावले. थोड्या वेळाने ते आणि त्यांचा गडी घोंगडीत गुंडाळलेले काहीतरी दोन्ही बाजूंनी धरून, पाऊल जपत बाहेर आले. घोंगडी उलगडली तेव्हा आत कारखान्याचे कागदी लेबल तसेच असलेली, कोरी पुढची काच होती. वीस वर्षांपूर्वी गाडीबरोबर जास्तीची म्हणून घेऊन ठेवली होती आणि पुरात ती माळ्यावर होती, असे त्यांनी सांगितले.

"गाडीचा तुमचा आकडा मला मान्य आहे," काका म्हणाले. "हिचा वेगळा बोला."

मिस्त्री माझ्या कानाशी वाकले. "सर, गाडी राहू द्या पाहिजे तर. काच आधी घ्या."