ब्रह्मदेशातलं पिठलं

2019च्या जानेवारीत आम्ही दोघं ब्रह्मदेशात, म्हणजे म्यानमारमध्ये, यांगून, बगान आणि इनले सरोवर असे दहा दिवस फिरलो. बायको शाकाहारी, म्हणून अर्धी बॅग खाकऱ्यांनी भरलेली. त्यातले निम्मे तसेच परत आले.

यांगूनमध्ये सकाळी सकाळी मोहिंगा खा. तांदळाच्या शेवयांवर माशाचा दाट रस्सा. त्यात गवती चहा, आलं, केळीच्या खोडाचा गाभा, वरून भजी आणि लिंबू. हा खरा नाश्त्याचा पदार्थ, त्यामुळे उशिरा उठणाऱ्यांचं काम नाही. दुपारी साध्या खानावळीत एक कालवण मागितलं की भात, सूप, कच्च्या भाज्या, चटण्या आपोआप येतात. त्यांचे वेगळे पैसे लावतील म्हणून मी आधी हातच लावला नव्हता! कालवणावर तेलाचा तवंग असतो. तो मुद्दामच, बाजूला सारून खायचं.

शाकाहाऱ्यांनी ‘थेत् थात् लुत्’ (म्हणजे शाकाहारी) हे शब्द पाठ करावेत. तरीही लाफे थो, म्हणजे आंबवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर मागवताना सुका जवळा नको असं वेगळं सांगा. आम्ही सांगितलं नाही, आणि ती बशी मला एकट्याला संपवावी लागली.

बगानजवळच्या न्याउंग ऊच्या बाजारात काळसर, दाट लगदा दिसला. नाव पोन ये जी. चाखला तर ओळखीचा वाटला: कुळीथ! कुळीथ शिजवून त्याचं पाणी आटवतात, आंबवतात आणि कच्चा कांदा व तेल घालून भाताबरोबर खातात. मंडालेहून रत्नागिरीला आणलेल्या थिबा राजाला कोकणातल्या कुळथाच्या पिठल्याने घरची आठवण करून दिली असेल का, कोण जाणे.

शान प्रांतात इनलेकाठच्या न्याउंगश्वेला तर बेसनच भेटलं. तिथल्या ‘तोहू’त, म्हणजे टोफूत, सोयाबीन नाही, हरभऱ्याचं पीठ असतं. थापून गार केलं की आपली पाटवडी. गरम असताना शेवयांवर ओतलं की पिठलं, वर तिखट तेल आणि शेंगदाण्याचं कूट. बायकोने तीन दिवस सकाळी तेच खाल्लं. तिथला बाजार दर पाच दिवसांनी गाव बदलतो, तेव्हा आज कुठे आहे ते मुक्कामाच्या ठिकाणी विचारून निघा.

डॉलरच्या नोटा कोऱ्या, घडी न पडलेल्या न्या. मात्र 2021च्या लष्करी उठावानंतर तिथे लढाई चालू आहे. तिकीट काढण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाची सूचना वाचा. पोन ये जी आणलंत तर दुहेरी पिशवीत बांधा. आमचे सगळे कपडे कुळथाच्या वासाचे झाले होते.